श्वापद जवळ आलें असतां

चंद्रपूर जिल्ह्यांत वर्धा नदीच्या खोऱ्यांत माजरी नांवाचें गांव आहे. नागपूरहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील तें एक जंक्शन असून वणीकडे जाणारा फांटा तेथूनच फुटतो. गांवाचें नांव दूरवर ओळखलें जातें तें मात्र आगगाडीमुळें नव्हे, कोळशामुळें. जमिनीच्या पोटांतून कोळसा काढतांना वर आलेल्या मातीचे डोंगराएवढे ढिगारे ह्या प्रदेशांत जागोजाग उभे आहेत. त्यांवर कालांतरानें वेडी बाभूळ माजते, पावसाळ्यांत गवत वाढतें, त्या आडोशास रानडुकरें येतात आणि रानडुकरांच्या मागोमाग वाघ येतो. एका बाजूस यंत्रांचा खडखडाट व दुसऱ्या बाजूस वाघाचा माग, असें दृश्य माजरीच्या परिसरांत कोणास नवलाचें वाटत नाहीं.

ह्याच कोळसा-प्रदेशांत, भद्रावती तालुक्यांतील कुनाडा गांवाजवळ, १९१९ नव्हे तर अगदीं अलीकडे, २०१९ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत एक घटना घडली. एका वाघानें पुलावरून सिरणा नदींत उडी घेतली आणि तो खालच्या खडकांत जायबंदी होऊन अडकला. बातमी पसरतांच बघ्यांची झुंबड उडाली. वनखात्याच्या माणसांनीं पाण्यांत पिंजरा सोडला. परंतु जखमी व भेदरलेला तो प्राणी त्यांत शिरेना. अंधार पडल्यावर काम थांबवावें लागलें आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतात तों वाघ मरून पडलेला.

ह्या प्रसंगीं कोणा माणसाचा प्राण गेला नाहीं. तरीहि एक फार जुना प्रश्न त्यांतून पुन्हा उभा राहतो. मनुष्य आणि त्याच्याहून बलवान असें श्वापद हीं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आलीं, तर मनुष्यानें करावें तरी काय? पळावें, ओरडावें, लपावें, मारावें, कीं स्वस्थ उभें राहावें? ह्या प्रश्नास मानवजातीनें निरनिराळ्या काळीं निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत, आणि त्या उत्तरांचाहि एक इतिहास आहे.

हा इतिहास दोन ठिकाणीं विशेष स्पष्ट दिसतो. एक ठिकाण अरण्याचें. तेथील श्वापद वाघ. दुसरें समुद्राचें, तेथील श्वापद शार्क, म्हणजे कोंकणच्या कोळ्यांस परिचित असलेल्या मुशीचाच थोरला व उग्र भाऊबंद. अरण्यांतील अनुभव हजारों वर्षांचा आहे, पण तो बहुतांशीं लिहिला गेला नाहीं. समुद्राच्या पोटांत शिरून शार्कशीं समोरासमोर गांठ पडण्याचा अनुभव अवघ्या शंभर वर्षांच्या आंतला आहे, पण त्याची पानोपानीं नोंद झाली आहे. म्हणून एकाच्या प्रकाशांत दुसरा वाचतां येतो.

प्रथम अरण्याकडे पाहूं. ताडोबाच्या तळ्याकांठीं एका मोठ्या वृक्षाखालीं तारू नांवाच्या देवाचें ठाणें आहे. तारू हा मूळचा एका गांवाचा प्रमुख. वाघाशीं झुंजतां झुंजतां त्यास मरण आलें आणि लोकांनीं त्यास देवत्व दिलें, अशी आदिवासींची परंपरागत कथा आहे. ताडोबा हें स्थलनामहि त्याच्याच नांवावरून पडलें, असें सांगतात. पौष महिन्यांत तेथें आदिवासींची यात्रा भरत आली आहे. ह्या कथेचा रोख ध्यानांत घेण्याजोगा आहे. तारूनें वाघास ठार मारून राज्य मिळविलें असें ती सांगत नाहीं. तो मंत्रबळानें वांचला असेंहि ती सांगत नाहीं. तो वाघासमोर उभा राहिला आणि पडला, एवढेंच ती सांगते. ज्या समाजांत ही कथा जन्मली, त्यास वाघाचें बळ पुरतेपणीं ठाऊक होतें व त्याविषयीं त्याची कसलीहि भ्रांति नव्हती.

वाघास ‘वाघोबा’ म्हणण्याची चाल महाराष्ट्रांत सर्वत्र आहे. आजोबा, खंडोबा, विठोबा ह्यांस लावावयाचा आदराचा प्रत्यय मराठी माणसानें ह्या श्वापदास दिला आणि शेंदूर माखून त्याचीं दगडी ठाणीं गांवाच्या शिवेवर बसविलीं. ही केवळ भीति नव्हे. ज्याच्या घरावरून रोज जावयाचें त्याच्याशीं कसें वागावें, ह्याची ती रीत होती. रानांत एकट्यानें जाऊं नये, जातांना बोलत जावें, दिवस बुडावयाच्या आंत शीव गांठावी, खांद्यावर कुऱ्हाड असावी आणि वाघाचें भक्ष्य दिसलें तर मुकाट्यानें दुसरी वाट धरावी, असे हे अलिखित नियम होते. त्यांत वाघास हरविण्याचा विचार नव्हता. त्यास अवचित गांठूं नये आणि त्यानेंहि आपणांस अवचित गांठूं नये, एवढीच दक्षता त्यांत होती.

नागपूरकर भोसल्यांचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें आणि चांदा जिल्हा इंग्रजांच्या हातीं गेला. त्यानंतर ह्या प्रश्नाचें उत्तर बदललें. सरकारनें वाघ मारणारास बक्षिसें लाविलीं. माचाण, हत्ती व बंदूक ह्यांच्या आधारानें शिकार होऊं लागली आणि वाघाविषयीं जी ग्रंथरचना झाली ती बहुतेक शिकाऱ्यांच्या लेखणींतून उतरली. त्यांपैकीं कांहीं उत्तम निरीक्षक होते, ह्यांत शंका नाहीं. मध्यप्रांतांत वनाधिकारी असलेल्या डनबार ब्रँडर ह्यांचा मध्य हिंदुस्थानांतील वन्य प्राण्यांवरील ग्रंथ १९२३ सालीं प्रसिद्ध झाला. जिम कॉर्बेट ह्यांचें कुमाऊंतील नरभक्षकांवरील पुस्तक १९४४ सालीं निघालें. वाघ हा स्वभावतः मनुष्यभक्षक नसून जखम, वार्धक्य असल्या कारणांनीं तो त्या मार्गास लागतो, हें कॉर्बेटनींच सर्वसामान्य वाचकांस पटवून दिलें. परंतु ह्या साऱ्या ज्ञानांत एक उणीव होती. बंदूक हातीं असलेल्या मनुष्यानें काय करावें हें त्यांत होतें. टोपली हातीं असलेल्या बाईनें काय करावें, हा प्रश्न तेथें फारसा विचारलाच गेला नव्हता.

स्वातंत्र्यानंतर दृष्टि पुन्हा बदलली. १९५५ सालीं ताडोबा हें राष्ट्रीय उद्यान झालें. महाराष्ट्रांतील तें सर्वांत जुनें होय. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला व १९७३ सालीं व्याघ्रप्रकल्पाचा आरंभ झाला. १९८६ सालीं अंधारी अभयारण्य स्थापन झालें आणि १९९५ च्या सुमारास दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प अस्तित्वांत आला. त्याचें गाभाक्षेत्र सुमारें ६२५ चौरस किलोमीटर आहे. वाघांची संख्या वाढली, तरुण वाघ नव्या मुलखाच्या शोधांत बाहेर पडले आणि ब्रह्मपुरी, सिंदेवाही, राजुरा येथपासून वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यांतील वडशापर्यंत त्यांचा वावर सुरू झाला. बंदुकीनें उत्तर देण्याचा मार्ग कायद्यानें बंद केला. तो करणें अवश्यहि होतें. मात्र त्यामुळें निःशस्त्र मनुष्याचा जुना प्रश्न पुन्हा जसाच्या तसा उभा राहिला.

आतां समुद्राकडे वळूं. पाण्याखालीं मोकळेपणें पोहत शार्क माशांचें निरीक्षण करणाऱ्या पहिल्या लोकांत ऑस्ट्रियाचे हान्स हास ह्यांची गणना होते. १९३९ सालीं ते आपल्या दोन मित्रांसह कॅरिबियन समुद्रांतील क्युरासाव बेटाकडे गेले. त्या काळीं शार्क म्हणजे मूर्तिमंत मृत्यु, अशी सर्वत्र समजूत होती. हास ह्यांस निराळाच अनुभव आला. शार्क जवळ येतो, घिरट्या घालतो, न्याहाळतो आणि बहुधा निघून जातो. त्याच्याकडे सरळ पोहत गेलें तर तो बिचकून वळतो आणि पाण्यांत मोठ्यानें ओरडलें तर दचकून पळतो, असें त्यांच्या प्रत्ययास आलें. ओरडण्याचा हा उपाय पुढें बराच प्रसिद्धि पावला.

इतक्यांत दुसरें महायुद्ध पेटलें. बुडालेल्या जहाजांवरील खलाशी व समुद्रांत कोसळलेले वैमानिक दिवसचे दिवस पाण्यांत तरंगत राहूं लागले. त्यांस धीर यावा म्हणून अमेरिकेनें ‘शार्क चेसर’ नांवाची वडी तयार करविली. तिच्यांत तांब्याचा एक क्षार व काळा रंग असे. ती पाण्यांत विरघळली म्हणजे शार्क दूर राहील, अशी अपेक्षा होती. युद्धाच्या अखेरीस, १९४५ सालच्या ३० जुलै रोजीं, ‘इंडियानापोलिस’ ही अमेरिकन युद्धनौका जपानी पाणबुडीनें बुडविली. सुमारें ९०० माणसें जिवंतपणीं पाण्यांत पडलीं आणि चार दिवसांनीं त्यांपैकीं अवघीं ३१६ वांचविलीं गेलीं. तहान, ऊन, जखमा आणि शार्क ह्या चौघांनीं मिळून हा संहार केला. वांचलेल्यांच्या सांगण्यांत एक गोष्ट वारंवार येते. जे एकत्र जमून राहिले त्यांच्यापेक्षां घोळक्यापासून दूर वाहत गेलेला एकटा मनुष्य शार्कच्या तावडींत लवकर सांपडे.

१९४३ सालीं फ्रान्सांत झाक कुस्तो व एमिल गान्यां ह्यांनीं पाठीवर वाहण्याचें श्वसनयंत्र सिद्ध केलें आणि मनुष्य प्रथमच माशासारखा मोकळेपणें पाण्याखालीं फिरूं लागला. १९४८ सालीं कुस्तो व त्यांचे सोबती फ्रेदेरिक द्युमा हे पश्चिम आफ्रिकेच्या बाजूस अटलांटिक समुद्रांत उतरले असतां त्यांची शार्कशीं गांठ पडली. नौका दूर गेली होती व खालीं तळ दिसत नव्हता. तोंवर जे जे उपाय सांगितले जात ते सर्व त्यांनीं करून पाहिले. हातवारे केले, हवेचे बुडबुडे सोडले, रासायनिक वडी पाण्यांत विरघळूं दिली, हास ह्यांच्याप्रमाणें ओरडूनहि पाहिलें. शार्क ढळेना. शेवटीं तो अगदीं अंगाशीं आला तेव्हां कुस्तोंनीं हातांतील जड कॅमेरा त्याच्या नाकावर हाणला. दोघेहि अखेरपर्यंत एकत्र राहिले, त्यांनीं त्याच्यावरची दृष्टि काढली नाहीं, आणि नौका परत येतांच ते सुखरूप वर आले.

ह्या एका प्रसंगांत जुन्या उपायांची जणूं परीक्षाच झाली. वडी अनुत्तीर्ण झाली. पुढील प्रयोगांतहि तिचा भरंवसा धरण्याजोगा गुण दिसून आला नाहीं. ओरडण्याचा उपाय कधीं लागू पडतो, कधीं पडत नाहीं, असें ठरलें. १९५८ सालापासून जगांतील शार्कच्या हल्ल्यांची पद्धतशीर नोंद ठेवण्यास आरंभ झाला. त्या नोंदींतून व पाणबुड्यांच्या अनुभवांतून कालांतरानें जे नियम स्थिर झाले ते थोडे व साधे आहेत. शार्क दिसतांच धडपड करूं नये, कारण तडफडणारा जीव म्हणजे घायाळ मासा असें त्यास वाटतें. पाण्यांत आडवें न राहतां उभें राहावें. त्याच्याकडे तोंड ठेवावें व तो वळेल तसें वळावें. पाठीशीं खडक किंवा प्रवाळाची भिंत घ्यावी. ती नसेल तर सोबत्याच्या पाठीस पाठ लावावी. भाल्यानें मारलेला मासा जवळ असेल तर तो सोडून द्यावा. त्याची मोकळ्या समुद्राकडील वाट अडवूं नये. सोबत्यासह हळूहळू नौकेकडे सरकावें. तो अंगाशीं भिडलाच तर हातीं असेल त्या वस्तूनें दूर लोटावें, आणि त्यानें धरलेंच तर डोळे व कल्ले ह्यांवर सर्व बळानें प्रहार करावा. मेल्याचें सोंग घेऊं नये.

हे नियम वाचतांना चंद्रपूरच्या रानांतील मनुष्यास ते अनोळखी वाटणार नाहींत. पाण्याऐवजीं गवत आणि खडकाऐवजीं झाड घातलें कीं पुष्कळसे तेच नियम वाघासहि लागू होतात. वाघ दिसला तर धांवूं नये. जागच्या जागीं थांबावें. खालीं बसूं नये, ओणवें होऊं नये. त्याच्याकडे तोंड ठेवून एकेक पाऊल मागें घ्यावें. बरोबरच्यांनीं पांगूं नये, एकत्र यावें. पिलें जवळ असतील किंवा भक्ष्य पडलें असेल तर त्या बाजूस जाऊं नये. तो गुरगुरला तर ती सूचना समजावी आणि आपण मागें हटावें. तो पुढें येऊं लागला तर हात व काठी उंच करून एकदम मोठा आवाज करावा. झडप पडलीच तर काठी, कुऱ्हाड, दगड, जें हातीं असेल त्यानें झुंजावें व सोबत्यांनीं गिल्ला करून त्याचा नाद सोडूं नये.

दोन इतके भिन्न प्राणी, एक उष्ण रक्ताचा व एक थंड रक्ताचा, एक झाडोऱ्यांतला व एक खाऱ्या पाण्यांतला. मग नियम सारखे कां? कारण दोघांचा व्यवसाय एकच आहे. दोघेहि दबा धरून किंवा हेरून मारणारे आहेत. वाघ हा लांब पल्ल्याचा धांवपटु नव्हे. तो आडोशानें जवळ जवळ येतो, शेवटचें अंतर एका झपाट्यांत तोडतो आणि मागून किंवा बाजूनें येऊन मान अथवा गळा धरतो. त्याचे बहुतेक डाव फुकट जातात. सावज सावध झालें, कीं डाव संपला. कारण समोरून भिडण्यांत त्यास स्वतःस इजा होण्याचा संभव असतो, आणि जायबंदी वाघास उपासमार चुकत नाहीं. शार्कचीहि तीच कथा. त्यास पाण्याची बारीक हालचाल अंगावरच्या रेषेनें कळते व जिवंत देहांतील सूक्ष्म विद्युत्‌प्रवाह नाकाडाजवळच्या छिद्रांनीं जाणवतो. परंतु समोरचा प्राणी कोण आहे ह्याचा अंदाज घेण्यास त्यास वेळ लागतो. दोघांचेंहि मुख्य शस्त्र दांत नसून अवचितपणा हें आहे. तें शस्त्र काढून घेतलें, कीं पुष्कळदां दांत वापरण्याची वेळच येत नाहीं.

पळण्याचा निषेध ह्याच कारणानें आहे. पळणारा मनुष्य एका क्षणांत तीन गोष्टी करतो. तो पाठ दाखवितो, आपण भक्ष्य आहों असें कबूल करतो आणि समोर काय चाललें आहे हें पाहण्याचें सोडून देतो. वाघापेक्षां अधिक वेगानें कोणी पळूं शकत नाहीं आणि शार्कपेक्षां अधिक वेगानें कोणी पोहूं शकत नाहीं. जी शर्यत जिंकणें अशक्य आहे, ती लावूंच नये, हा ह्यांतील साधा हिशेब आहे.

पाठीचें हें महत्त्व ओळखून बंगालमध्यें एक नामी प्रयोग झाला. सुंदरबनांत मध गोळा करणारे, लांकूडतोडे व कोळी ह्यांस वाघ मागून येऊन उचलीत. १९८६ सालीं तेथील वनखात्यानें ह्या लोकांस मनुष्याच्या चेहऱ्याचे मुखवटे वांटले व ते डोक्याच्या मागच्या बाजूस बांधावयास सांगितले. वाघास मागूनहि तोंडच दिसावें, ही कल्पना. आरंभींच्या काळांत मुखवटा घातलेल्या एकाहि मनुष्यावर हल्ला झाला नाहीं, असें आढळून आलें. पुढें मात्र वाघ ह्या युक्तीस सरावले असें तेथील लोक म्हणूं लागले, आणि मुखवट्यांचा उपयोग मागें पडला. ‘शार्क चेसर’ची वडी व सुंदरबनचा मुखवटा ह्यांची गत एकच झाली. तोडगा थोडे दिवस चालतो. वागणूक मात्र टिकते.

वागणूकहि सर्वस्वीं तारक नाहीं, हें सांगणें प्राप्त आहे. २०२१ सालच्या २० नोव्हेंबर रोजीं ताडोबाच्या कोलारा वनपरिक्षेत्रांत एक वनरक्षक स्त्री तीन मदतनिसांसह पायीं वाघांच्या खुणांची नोंद करीत चालली होती. वाटेवर कांहीं अंतरावर वाघीण बसलेली दिसली. चौघेंहि थांबलीं. सुमारें अर्धा तास त्यांनीं वाट पाहिली. वाघीण उठेना, तेव्हां तिला बगल देऊन दाट झाडींतून पुढें जाण्याचें त्यांनीं ठरविलें. वाघिणीनें ती हालचाल हेरली आणि सर्वांच्या मागें चालणाऱ्या त्या वनरक्षक स्त्रीवर पाठीमागून झडप घातली. कर्तव्य बजावीत असतां तिचा अंत झाला व पायीं करावयाची ती गणना त्या वेळीं थांबविण्यांत आली. ती स्त्री अननुभवी नव्हती, बेसावध नव्हती. ती पळाली नाहीं. दाट झाडींत शिरतांच दृष्टीचा उपयोग संपला, आणि रांगेच्या शेवटच्या माणसाची पाठ उघडी पडली. थांबणें जितकें खरें, तितकेंच मागें फिरणेंहि खरें, हा ह्या दुःखद प्रसंगाचा बोध आहे. समुद्रांतील पाणबुडे ह्याच कारणानें शार्कला वळसा घालून पुढें जाण्याऐवजीं पाण्यांतून बाहेर निघणें पसंत करतात.

येथें दोन अनुभवांतील मोठा भेद पुढें येतो. तारकर्लीच्या समुद्रांत कोणी हौसेनें बुडी मारतो, कोणी शिकण्यासाठीं मारतो; त्यास न उतरण्याची मोकळीक असते. साऱ्या जगांत शार्कच्या हल्ल्यानें वर्षाकांठीं दगावणारे लोक सामान्यतः दहाच्या आसपास किंवा त्याहूनहि कमी असतात, आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तर असा प्रसंग फार विरळा. २०२४ सालच्या फेब्रुवारींत पालघर जिल्ह्यांत वैतरणेच्या पाण्यांत एका मनुष्याच्या पायास शार्कनें चावा घेतला, तेव्हां सर्वत्र आश्चर्य व्यक्त झालें तें ह्यामुळेंच. उलट चंद्रपूर, गडचिरोली व भंडारा जिल्ह्यांत एकट्या एका वाघाच्या नांवावर, ‘सीटी-१’ ह्या खुणेनें ओळखल्या गेलेल्या वाघाच्या नांवावर, तेरा माणसांचे बळी नोंदले गेले, आणि २०२२ सालच्या ऑक्टोबरांत वडशाच्या रानांत तो पकडला गेला.

रानांत जाणारास न जाण्याची मोकळीक नाहीं. फाल्गुन-चैत्रांत मोह गळतो. पहाटे गळालेलीं फुलें जमिनीवरून वेंचावीं लागतात, आणि उशीर झाला तर तीं गुरें व हरणें खाऊन टाकतात. वैशाखांत तेंदूचीं पानें येतात. झुडुपें कमरेहून ठेंगणीं असतात. पानें खुडून त्यांचे पुडे बांधून संकलन केंद्रावर न्यावयाचे असतात. शेतीचें काम नसलेल्या त्या दिवसांत घरांत रोख पैसा येतो तो ह्याच पुड्यांचा. म्हणजे नियम सांगतो ‘ओणवें होऊं नये’, आणि पोट सांगतें ‘ओणवें हो’. वांकलेला मनुष्य मागून पाहिला असतां मनुष्य दिसत नाहीं. तो चार पायांचें जनावर दिसतो. त्याची मान खालीं असते, डोळे पानांवर असतात आणि पाठ रानाकडे असते. २०२५ सालच्या १० मे रोजीं सिंदेवाही तालुक्यांत तेंदूपानें तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशीं वाघाच्या हल्ल्यांत मरण पावल्या. त्यांस नियम ठाऊक नव्हते असें म्हणणें अन्यायाचें होईल. नियम पाळतां येईल अशी त्यांच्या कामाची घडणच नव्हती.

म्हणून ह्या सर्व इतिहासांतून निघणारें उत्तर एकट्या माणसाच्या धैर्यापाशीं थांबत नाहीं. पाणबुड्यांच्या शिक्षणांत पहिल्या दिवसापासून एक दंडक शिकविला जातो. एकट्यानें बुडी मारावयाची नाहीं. प्रत्येकास एक जोडीदार असलाच पाहिजे. त्याचें काम मौज करण्याचें नसून दुसऱ्याची पाठ राखण्याचें असतें. हाच दंडक रानांत असा उतरतो कीं चौघी वांकतील तेव्हां पांचवीनें उभें राहावें. तिनें पानें तोडूं नयेत. तिनें पाहावें, बोलत राहावें, काठी आपटीत राहावें, आणि तिच्या वांट्याचे पुडे इतरांनीं भरावे. पहाटेच्या अंधुक प्रकाशांत न जातां चांगलें उजाडल्यावर निघावें. नाल्याच्या दाट झाडींत शिरूं नये. जेथें ताजे माग दिसतील त्या भागांतील काम त्या दिवसापुरतें सोडावें. ह्या गोष्टी एकेका कुटुंबास परवडणाऱ्या नाहींत. साऱ्या गांवानें मिळून ठरविल्या तरच त्या साधतात.

त्या दिशेनें कांहीं पावलें पडलीं आहेत. ताडोबाच्या भोंवतालच्या गांवांतून तरुणांचीं प्राथमिक प्रतिसाद दलें उभारलीं गेलीं. वाघ गांवाजवळ आला कीं वनखात्यास कळविणें आणि बघ्यांची गर्दी दूर ठेवणें हें त्यांचें काम. मोहर्लीच्या बाजूस सीतारामपेठ गांवीं, वाघ कॅमेऱ्यासमोर येतांच आपोआप सूचना देणारी यंत्रणा बसविण्यांत आली. मृताच्या कुटुंबास द्यावयाचें साहाय्य राज्यशासनानें २०२३ सालीं पंचवीस लक्ष रुपयांपर्यंत वाढविलें. हीं सर्व कामें योग्यच होत. परंतु यंत्र गांवाच्या शिवेपर्यंत राखण करतें, आणि साहाय्य मनुष्य गेल्यानंतर येतें. तेंदूच्या झुडुपापाशीं, त्या घटकेला, उपयोगी पडणारी वस्तु एकच: उभी असलेली दुसरी व्यक्ति.

सिरणा नदीच्या पुलाकडे पुन्हा एकदां पाहिलें, तर नियमांची दुसरी बाजूहि दिसते. श्वापदास वाट मोकळी ठेवावी, हें समुद्रानें शिकविलें आणि रानानेंहि शिकविलें. चोहोंकडून वेढलेला वाघ हा अधिक भयंकर होतो, आणि त्याच वेळीं तो अधिक दीनहि होतो. समुद्रांत मनुष्य दरवर्षीं कोट्यवधि शार्क मारतो आणि शार्क मारतात तीं माणसें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं. रानांतील हिशेब इतका एकांगी नाहीं. तेथें दोन्हीं बाजूंस घरें उजाड होतात, आणि एका बाजूच्या मृत्यूनें दुसऱ्या बाजूस कांहींच मिळत नाहीं.

पौषांत ताडोबाच्या तळ्यावर थंडी दाट असते. तारूच्या ठाण्यापाशीं ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या नारळ ठेविला, त्यांनीं वाघाचा नाश व्हावा असें मागणें घातलें नाहीं. ज्या वाघानें तारूस मारिलें त्याच्याच मुलखांत ते नांदत राहिले. रानांत पाऊल टाकतांना ते आजहि एकमेकांस हाक देतात. त्या हांकेस मागून ओ येते तोंवर पाठ राखलेली आहे, असें समजावयाचें. आणि ओ आली नाहीं तर पुढें पाऊल न टाकतां सर्वांनीं मिळून मागें फिरावयाचें.